प्रस्तावना : इज्तिहाद कुणी करायचा?

मराठीत इस्लामच्या नव्या विचाराची चर्चा समाजसुधारक हमीद दलवाईंपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत सचिवालयावर नेलेला मोर्चा, १९७० साली पुण्यात स्थापन झालेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, एवढे आपल्याला ठाऊक असते. दलवाईंचे धाडस मोठेच. पण त्यांनी प्रश्न विचारले ते मानवतावादाच्या भूमीवर उभे राहून. धर्माच्या आत राहून नव्या काळाशी झुंजणाऱ्यांची परंपरा वेगळी, आणि चांगलीच भांडखोर. तिची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक.

त्यासाठी कैरोला जायला नको. शेजारचा, तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; किनवट आणि राजुरा हे तालुकेही १९५६ पर्यंत याच जिल्ह्यातले. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, जानेवारी १९२९ मध्ये मद्रासहून आलेल्या कवी-तत्त्वज्ञ मुहम्मद इक्बालांनी इस्लामच्या नव्या मांडणीवर व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी ती लाहोरला पुस्तकरूपाने निघाली. इक्बालांहून वेगळी वाट धरणारे मौलाना मौदुदी तर जन्माने औरंगाबादचे, १९०३ चे. म्हणजे एकमेकांना छेद देणाऱ्या दोन विचारांचे धागे आपल्याच अंगणातून जातात.

वादाचे मूळ इज्तिहादात आहे. कुराण आणि हदीस (पैगंबरांची वचने व आचरण) यांच्या आधारे, स्वतःची बुद्धी वापरून नव्या प्रसंगावर निर्णय काढणे म्हणजे इज्तिहाद. हे दार जुन्या फकीहांनंतर, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनंतर, बंद झाले, अशी समजूत रूढ झाली होती. इक्बालांना ती अमान्य होती. हा अधिकार एकट्या विद्वानाकडून काढून निवडून आलेल्या मुस्लिम विधिमंडळाकडे जावा, असे त्यांनी मांडले. मौदुदींनाही इज्तिहाद हवा होता, पण सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे हे आधी मान्य करून. १९४१ साली लाहोरात त्यांनी जमाते इस्लामी ही संघटना स्थापली. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ फैजी तिसऱ्याच वाटेने गेले. धर्म आणि कायदा वेगळे करा, म्हणजे कायदा बदलला तरी श्रद्धेला धक्का लागणार नाही, ही त्यांची भूमिका १९६३ च्या पुस्तकात आहे. मला स्वतःला फैजी सर्वांत स्पष्ट वाटतात. मराठीत त्यांची उपेक्षा का झाली, कळत नाही. मुंबईचे विचारवंत असगर अली इंजिनिअर पुढे न्यायाच्या कल्पनेपासून सुरुवात करतात, तो निराळाच सूर.

मराठीत पूर्वसूरी नाहीत असे नाही. आदिलाबादच्या गोंडांत काम केलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू-फारसी जाणत; सूफी संप्रदायावर त्यांनी मराठीत लिहिले.

आदिलाबादच्या या सीमाभागात गोंडी, तेलुगू, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. ज्यांना उर्दू वाचता येते, त्यांनी मौदुदी मुळातूनच वाचावेत, अनुवादातून नव्हे. नवख्या वाचकाने मात्र इक्बालांच्या सहाव्या व्याख्यानापासून सुरुवात करावी. पहिली पाच अवघड आहेत.