व्हाळात टाकलेलं जातं कुठे?

"आमच्या आज्या गाव कसं चकचकीत ठेवायच्या, आणि आताची पिढी बघा!" हे वाक्य आपल्या कोकणात दर पावसाळ्याआधी ऐकू येतं. मंडळी, ते अर्धंच खरं आहे. नको ते व्हाळाच्या कडेला टाकायची सवय जुनीच आहे. बदललं ते टाकायचं सामान.

पन्नास वर्षांपूर्वी घरात कचरा म्हणावा असं फार काही नसायचंच. शेण, पातेरा, चुलीतली राख गायरीत जायची आणि तिथून शेतात. भांडी राखेने आणि सोडणाने घासायची. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी पोसायच्या. माशांची घाण माडाच्या मुळात. खाडीकाठी शिंपल्या भाजून चुनासुद्धा करायचे. उरलंसुरलं व्हाळात गेलं तरी ते कुजून जायचं.

ऐंशीच्या दशकापासून ही घडी मोडत गेली. शॅम्पूच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, गुटख्याची पाकिटं वाडीवरच्या दुकानात आली. १९९७ ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. पाहुणे आले, पैसा आला, सोबत बाटल्याही आल्या. गोठे रिकामे झाले, गायरी बुजल्या. घरोघरी शौचालयं झाली, हे उत्तमच. पण शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर काय? आपला जांभा सच्छिद्र. वर साचलेलं पाणी तो गाळून न घेताच खाली सोडतो. चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे डोंगरावरच्या वाडीतली पिशवी खाडीत, तिसऱ्या आणि कालवं जिथे वेचतो तिथेच.

सरकारचं लक्ष तेव्हा कुठे होतं? २००० साली घनकचऱ्याचे नियम आले ते नगरपालिकांसाठी. प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी नियमांनी ग्रामपंचायतींवर टाकली ती २०१६ मध्ये. मधली सोळा वर्षं ना गाडी, ना जागा, ना माणूस. लोकांनी जाळलं, पुरलं, नाहीतर व्हाळात लोटलं. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली, पण वेफर्सची पाकिटं आजही दुकानात लटकतायत.

म्हणून नुसतं "लोकांना अक्कल नाही" म्हणून भागणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी गावांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात तो पैसा कशावर गेला? सुका कचरा कोण उचलतं आणि कुठे नेतं? विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं, निकाल काय आला?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं तोंडी "बघू, करू" ऐकून घरी येऊ नका. पाणी आपल्याच विहिरीचं आहे.