दादीचा हार आणि सोन्याचे हुकूम

आमच्या घरात एका मेलेल्या सोनारावर बारा वर्षे आळ होता. दादीचा निकाह मे १९६४ मध्ये सांगलीत झाला. दादाजींनी मेहेर म्हणून २० ग्रॅमचा सोन्याचा हार दिला होता. बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी अब्बा तो मोडायला घेऊन गेले, तेव्हा कस निघाला १४ कॅरेटचा. बावीस कॅरेट धरले तर २० ग्रॅममध्ये १८.३ ग्रॅम शुद्ध सोने असायला हवे, निघाले ११.७. घरात सगळे म्हणाले, सोनाराने फसवले. दादी मात्र एवढेच म्हणाली, "म्हणजे माझा मेहेर अपुराच राहिला." दादाजी तोवर हयात नव्हते. मेहेर हा बायकोचा हक्क, नवऱ्यावरचे कर्ज. तिच्या मनाला काय लागले असेल, हे आम्हाला फार उशिरा कळले.

दादी गेल्यावर दादाजींची पत्र्याची पेटी उघडली. त्यात सोनाराची पावती होती. वजन २० ग्रॅम, आणि पुढे स्वच्छ अक्षरात '१४ कॅरेट'. मग मी त्या काळाचा इतिहास वाचायला घेतला.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी आणीबाणी जाहीर केली आणि भारत संरक्षण वटहुकूम निघाला. पुढे त्याचा कायदा झाला. नोव्हेंबरमध्ये आपल्या देवराष्ट्रे-कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, गावोगावच्या बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले. आणि जानेवारी १९६३ मध्ये त्याच युद्धकाळच्या कायद्याखाली अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले : १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही. हेतू होता सोन्याची हौस कमी करून तस्करी रोखण्याचा आणि परकीय चलन वाचवण्याचा.

त्याच वर्षी एक सवलत मिळाली. घरात जुने सोने असेल तर ते मोडून तितक्याच कसाचा दागिना करून घेता येई. दादाजींकडे मोडायला जुने काही नव्हते. ज्याची पेटी भरलेली होती त्याला वाट मिळाली, ज्याची रिकामी होती त्याच्या वाट्याला चौदा कॅरेट आले. १९६६ मध्ये ही अट उठली, पण तोवर देशभरात कितीतरी सोनारांचा धंदा बसला होता. काहींनी जीव दिला.

ह्याची झळ आपल्या दुष्काळी पट्ट्यालाही बसली. विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडचे माण-खटाव इथली माणसे पिढ्यानपिढ्या गलाईच्या कामासाठी परमुलखात जातात. जुने सोने-चांदी मुशीत वितळवायचे, तेजाबाने शुद्ध करायचे, हा त्यांचा हुन्नर. शेतात पाणी नाही, म्हणून हातात मूस आली. जून १९६८ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या सहीने सुवर्ण नियंत्रण वटहुकूम निघाला आणि काही महिन्यांत त्याचा कायदा झाला. सोने शुद्ध करायला परवाना लागू लागला, घरात लगड किंवा बिस्कीट ठेवणे गुन्हा ठरले. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात, तेव्हा हा हुकूम सरकारचाच म्हणायचा. १९९० मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना हा कायदा रद्द झाला. तस्करी मधल्या सगळ्या वर्षांत चालूच होती.

अमेरिकेत हे आधीच घडले होते. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला : घरातली सोन्याची नाणी आणि लगडी १ मेच्या आत बँकेत जमा करा. १०० डॉलरपर्यंतच्या नाण्यांना सूट होती. लोकांना औंसाला २०.६७ डॉलर मिळाले, आणि पुढच्याच जानेवारीत सरकारने भाव ३५ डॉलर केला. ज्यांनी इमानाने सोने दिले, तेच तोट्यात गेले. हा हुकूमही १९१७ च्या युद्धकाळातल्या कायद्यावर उभा होता. सामान्य अमेरिकन माणसाला पुन्हा मोकळेपणाने सोने बाळगता आले ते १९७४ च्या अखेरीस. युद्धासाठी केलेला कायदा शत्रूपेक्षा स्वतःच्या लोकांच्या पेटीपर्यंत लवकर पोचतो, असे दोन्ही देशांत दिसले.

मग सरकारी हुकूम वाईटच का? तसे नाही. १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या सक्तीखालच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक लागतो. तो मोबाइलवर टाकून दागिन्याची माहिती पाहता येते. २२ कॅरेटवर ९१६ असते, १४ वर ५८५. इथे सरकार 'काय घ्यायचे' हे सांगत नाही, 'जे घेता ते काय आहे' एवढेच सांगायला लावते. हुकूम वाचताना मी आता हेच पाहतो : त्याने घेणाऱ्याच्या हातात माहिती दिली, की त्याच्या हातातली निवड काढून घेतली?

दादीच्या हारावर असा शिक्का असता, तर आम्ही एका सरळ माणसाला चोर म्हटले नसते. त्याने तर पावतीवर खरे लिहून दिले होते. दादाजींनीही कायद्याने जे मिळत होते तेच दिले. मेहेर अपुरा नव्हता. हे दादीला सांगायचे राहून गेले. निदान त्या सोनाराच्या नातवाला तरी भेटून सांगावे, म्हणून मी गेल्या जुम्म्याला पावती घेऊन पेठेत गेलो. त्याने आजोबांचे अक्षर लगेच ओळखले.