आधी पाचाड, मग रायगड

रायगड पाहून आलेल्या भगिनी राजसभा, बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ यांचे भरभरून वर्णन करतात. पायथ्याच्या पाचाडचे नाव मात्र क्वचितच निघते. १९९६ पासून रोपवे झाल्याने तर घाई आणखीच वाढली.

गडावरची थंड हवा जिजाऊसाहेबांना मानवत नसे, म्हणून महाराजांनी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. पुत्राच्या मस्तकी छत्र पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, त्या माउली पाचाडलाच निवर्तल्या. वाड्याचे आता अवशेषच उरले आहेत. जवळच त्यांची समाधी आहे.

जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचे नाव कोरलेले आहे. राजा घडविणाऱ्या मातेची खूण पाचाडला आहे. भगिनींनो, पेण-रोह्याहून जाताना प्रथम तेथे दोन फुले वाहावी, मगच गड चढावा.