शालेय ग्रंथालय आणि शोधाची परीक्षा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाती या शाळेचे ग्रंथालय होते. ग्रंथालय म्हणजे शिक्षककक्षाशेजारच्या अरुंद खोलीतील चार कपाटे. मी १९६३ साली येथे आठवीत आलो तेव्हा त्या कपाटांच्या किल्ल्या गुरुजींच्या जानव्याला बांधलेल्या असत, असे मुले थट्टेने म्हणत. प्रत्यक्षात त्या कपाटांना कुलूप नसे, हे मला पुढे कळले. आज मला बोलायचे आहे ते एका प्रश्नाविषयी. विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन काय शिकला, हे आपल्याकडे कोणी, केव्हा आणि कशाने मोजले?

या प्रश्नाचा इतिहास फारसा गौरवास्पद नाही. वाचनालयांच्या बाबतीत आपला प्रदेश मागासलेला होता असे कोणी म्हणू शकणार नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आणि कोल्हापूरचे, ज्याला आपण आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणतो, ते १८५० चे. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथे लोक वर्गणी काढून पुस्तके आणीत होते. पण शाळेची वाट वेगळी पडली. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत आली. तपासनीस येई, मुलांना उभे करी, वाचन, लेखन व गणित तपाशी आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व नंतरच्या मुंबई राज्यात होता, म्हणून आपल्या शाळांची हाडे याच पद्धतीने घडली. ज्याची परीक्षा नाही त्याला पैसा नाही, आणि ज्याला पैसा नाही ते कपाटात. पद्धत गेली तरी सवय राहिली. ‘दिपोटी’ येणार म्हटले की दाखलनोंदवही काढायची, क्रमांक जुळवायचे, धूळ झटकायची. साहेब पुस्तके मोजीत. ती कोणी उघडली का, हे विचारण्यासाठी त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

मुदलियार आयोगाने १९५३ च्या अहवालात हे दुखणे स्पष्टपणे मांडले. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालय नाही, पुस्तके जुनी व मुलांची आवडनिवड न पाहता घेतलेली, आणि देखरेख एखाद्या कारकुनाकडे किंवा अनुत्सुक शिक्षकाकडे, असा त्याचा आशय होता. पुढे म्हैसूर राज्याने १९६५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालय कायदा केला. हे दोन्ही कायदे सार्वजनिक ग्रंथालयांचे. सीमेच्या अलीकडे व पलीकडे, दोन्हीकडे शाळेचे कपाट कायद्याच्या बाहेरच राहिले. ज्या बाबतीत दोन राज्यांचे एकमत झाले अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक, असे मी विनोदाने म्हणतो. आता समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या पातळीनुसार पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदान ठरले आहे. ही चांगली गोष्ट आहे. तथापि खर्चाचा दाखला देताना आपण पुन्हा पुस्तकेच मोजतो.

आता गुरुजींच्या चिठ्ठ्यांकडे येतो. दर शनिवारी सकाळची शाळा सुटण्यापूर्वी ते आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला एकेक चिठ्ठी देत. वर प्रश्न असे आणि खाली तीन ओळी मोकळ्या. पहिल्या ओळीत उत्तर. दुसऱ्या ओळीत ग्रंथाचे नाव, छपाईचे वर्ष व पृष्ठ. तिसरी ओळ मात्र विलक्षण होती. ‘कोठे पाहिले व सापडले नाही’ असे तिच्यावर लिहिलेले असे. चिठ्ठी परत दिली की गुरुजी उत्तराकडे शेवटी पाहत. आधी विचारीत, “कुठनं काढलंस हे?”

मला आलेल्या एका चिठ्ठीवर प्रश्न होता : ‘बेळगावात मराठी साहित्य संमेलन किती वेळा भरले?’ मला शोधण्याची गरजच वाटली नाही. ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ही कथा आमच्या घरी जेवताना कितीदा तरी निघे. मी लिहिले, ‘एकदा.’ ग्रंथाच्या ओळीवर लिहिले, ‘वडील.’ गुरुजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर तांबड्या पेन्सिलीने ‘आणखी पाहा’ एवढेच लिहिले. पुढचे दोन शनिवार मी त्या खोलीत काढले. अखेर १९२९ सालचे शि. म. परांजपे यांच्या अध्यक्षतेखालील बेळगावचे संमेलन मला सापडले. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले व म्हणाले, “असंल की. त्यावेळी आमी ल्हान होतो.” वडील खोटे सांगत नव्हते. त्यांची साक्ष त्यांच्या वयाएवढी होती.

या प्रश्नाची गंमत पुढेच आहे. य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली २००० साली बेळगावात पुन्हा संमेलन भरले आणि ‘दोनदा’ हे माझे कष्टाने मिळवलेले उत्तर जुने झाले. १९९० साली छापलेल्या पुस्तकात ‘दोनदा’ असेल तर ते पुस्तक चुकीचे नाही. ते त्याच्या वर्षापुरते खरे आहे. चिठ्ठीवर छपाईचे वर्ष का लिहायचे, हे मला त्या वेळी, म्हणजे शाळा सोडून तीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर, नीट उमगले.

चिठ्ठीच्या तिसऱ्या ओळीचा धडा मला केतकरांच्या ज्ञानकोशाने दिला. ‘अ’वरचा शब्द शोधायचा म्हणून मी पहिला खंड उघडला. तेथे अकारविल्हे काहीच नव्हते. पहिले पाच विभाग प्रस्तावनाखंडाचे, शब्दांचे लेख सहाव्यापासून सुरू होतात आणि शेवटाकडे स्वतंत्र सूचीखंड आहे, हे ठाऊक नसलेल्या मुलाला तो ज्ञानकोश मुका आहे. तीच गोष्ट ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांची. काही कोशांत ती अक्षरे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात असतात, काहींत अगदी शेवटी. मुलाने ‘सापडले नाही’ असे लिहिले की गुरुजींना नेमके कळे की तो कोठे अडला. बरोबर उत्तरातून हे कधीच कळले नसते.

आज याच गोष्टीला ‘माहिती साक्षरता’ म्हणतात. पॉल झुरकोव्हस्की यांनी १९७४ साली अमेरिकेत ही संज्ञा वापरली. पुढे तेथील रटगर्स विद्यापीठातील रॉस टॉड, कॅरल कुलथाउ आणि यानिका हाइनस्ट्रोम यांनी २००५ साली शालेय ग्रंथालयांसाठी मूल्यमापनाची एक पद्धत सिद्ध केली. तिच्यात विद्यार्थ्याला शोधाच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी काही प्रश्न लेखी विचारतात. या विषयाचे तुला काय माहीत आहे? त्यात रस किती? शोधताना काय सोपे गेले, काय अवघड गेले? तीन वेळची उत्तरे शेजारी ठेवली की मूल सुट्या तथ्यांकडून कारणमीमांसेकडे सरकले की नाही, हे दिसते. मी हे प्रथम वाचले तेव्हा गुरुजींची तिसरी ओळ आठवली. दोन्ही एकच आहेत असा माझा दावा नाही. गुरुजी शोधाची वाट तपाशीत, ही मंडळी समजुतीची वाढही तपासतात, आणि या बाबतीत ती गुरुजींच्या पुढे आहेत.

आपल्या शाळांत याच्या जागी काय आहे? ‘प्रकल्प’ आहे. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनावर मुलाला प्रकल्प करायचा असतो. चित्रांचा तयार तक्ता स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, मजकूर मोबाईलवरून छापून येतो, मुखपृष्ठावर आई वेलबुट्टी काढते, आणि गुण वेलबुट्टीला पडतात. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन, हे वाक्य प्रत्येक वहीत असते. ते कोठून घेतले हे एकाही वहीत नसते. शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ वह्या एका रात्रीत पाहायच्या तर वेलबुट्टीच दिसणार.

हा दोष माझ्यातही होता, हे या व्यासपीठावरून कबूल केले पाहिजे. पीएच.डी.च्या प्रबंधात एका नियतकालिकाच्या पहिल्या अंकाचे वर्ष मी एका मान्यवर ग्रंथावरून उतरवले होते. मौखिक परीक्षेत एका वृद्ध परीक्षकांनी शांतपणे विचारले, “मूळ अंक आपण पाहिलात?” मी पाहिला नव्हता. पुढे पाहिला, तेव्हा वर्ष दोनाने चुकलेले निघाले. पदवी मिळाली, परंतु त्या दुपारी मला प्रश्न ऐकू आला तो “कुठनं काढलंस हे?” असाच.

आपल्या भागात हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही. निपाणीचा मुलगा कर्नाटकाच्या मंडळाची दहावी देतो आणि हाकेच्या अंतरावरच्या अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, महाविद्यालयात जातो. एकाच गावाचा इतिहास त्याला मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरा असा भेटतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, यांविषयी त्याच्या मोबाईलवर रोज काही ना काही येते. त्यातले अहवालात आहे किती आणि कोणी घुसडले किती, हे तो कसे ठरवणार? माझी मते या सभागृहात सर्वांना ठाऊक आहेत, ती मी लपवीत नाही. पण माझ्या बाजूचा म्हणून आलेला खोटा आकडा माझ्या विद्यार्थ्याने पुढे पाठवला, तर त्याचे दुःख मला अधिक होते. दोन भाषा येणारा मुलगा दोन्हीकडचे कागद वाचू शकतो. ही सोय पुण्याच्या मुलाला नाही, बंगळूरच्याही नाही. तिची परीक्षा मात्र आपण आजवर एकदाही घेतलेली नाही.

गुण द्यावेत की नाही, यावर मुख्याध्यापकांशी माझे दोनदा बोलणे झाले. माझे मत न देण्याकडे आहे. गुण आले की तिसऱ्या ओळीत मुले खोटे लिहू लागतील, कारण सापडले नाही हे कबूल करायला गुणपत्रिकेत जागा नसते. त्यांचे म्हणणे असे, की गुण नसतील तर पालक विचारणार नाहीत. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हे. अखेर असे ठरले आहे, की येत्या जूनपासून आठवीच्या वर्गाला शनिवारच्या चिठ्ठ्या पुन्हा सुरू करायच्या, त्या वर्षभर फाइलीत ठेवायच्या आणि मार्चमध्ये मुलानेच आपली पहिली व शेवटची चिठ्ठी शेजारी ठेवून त्यांविषयी चार ओळी लिहायच्या. पुस्तकांबरोबर संगणकावरचा शोधही चालेल. मात्र संकेतस्थळाचे नाव, मजकूर कोणाचा आणि पाहिल्याची तारीख लिहावी लागेल. कन्नड कागदाचा आधार घेतला तर तो कन्नडमध्येच उतरवायचा.

पहिल्या दहा चिठ्ठ्यांचे प्रश्न मी लिहून मुख्याध्यापकांकडे दिले आहेत. त्यांतला पहिला, बेळगावात मराठी साहित्य संमेलन किती वेळा भरले, हाच आहे. उत्तर तुम्ही आज ऐकलेत. कृपा करून घरी मुलांना सांगू नका.