मिहामाचा नळ : २८ वर्षे न मोजलेल्या पोलादाची कहाणी

#थ्रेड #इतिहास

१/
९ ऑगस्ट २००४. जपानच्या फुकुई प्रांतातील मिहामा अणुऊर्जा केंद्र. दुपारचे ३ वाजून २२ मिनिटे झाली होती. तिसऱ्या संचाच्या टर्बाइनगृहात कामगारांची लगबग चालू होती. पाचच दिवसांनी, १४ ऑगस्टला, हा संच ठरावीक मुदतीच्या तपासणीसाठी बंद होणार होता आणि त्या तपासणीची पूर्वतयारी म्हणून ही माणसे तेथे आली होती.

२/
अचानक छताजवळचा एक मोठा नळ फाटला. नळातील पाणी सुमारे १४० अंश सेल्सियस इतके तप्त होते. केवळ दाबामुळे ते द्रवरूप राहिले होते. बाहेर पडताक्षणी त्याची वाफ झाली आणि ती दालनभर पसरली. ११ कामगार भाजले. चौघे त्याच दिवशी गेले, पाचव्याने काही दिवसांनी रुग्णालयात प्राण सोडला.

३/
अणुभट्टी आपोआप बंद पडली. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. ज्या भयापोटी अणुऊर्जा केंद्राभोवती इतक्या भिंती उभारल्या जातात, ते भय त्या दिवशी खरे ठरले नाही. माणसे मेली ती साध्या उकळत्या पाण्याने. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर एका पोलादी नळाचा इतिहास वाचावा लागतो.

४/
हा नळ होता साध्या कार्बन पोलादाचा. व्यास ५६ सेंटिमीटर, नवा असताना भिंतीची जाडी १० मिलिमीटर. नियमानुसार ती ४.७ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. अपघातानंतर फाटलेल्या जागी मोजली, तेव्हा सर्वांत पातळ ठिकाणी उरली होती ०.४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम लग्नपत्रिकेच्या जाड कागदाइतकी.

५/
संच सुरू झाला १९७६ मध्ये. तेव्हापासून अपघाताच्या दिवसापर्यंत, जवळजवळ २८ वर्षांत, त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती. हिशेब केला तर वर्षाला सरासरी एक तृतीयांश मिलिमीटर झीज होते. डोळ्यांना दिसू नये इतकी मंद, पण कधीही न थांबणारी.

६/
आता थोडे केंद्राच्या रचनेविषयी. मिहामासारख्या केंद्रात पाण्याची दोन स्वतंत्र चक्रे असतात. पहिल्या चक्रातले पाणी अणुभट्टीतून फिरते व किरणोत्सारी असते. ते आपली उष्णता दुसऱ्या चक्रातील पाण्याला देते. त्या पाण्याची वाफ होऊन टर्बाइन फिरते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते माघारी जाते. फाटलेला नळ या दुसऱ्या चक्रातला होता.

७/
पहिल्या चक्राचे हृदय म्हणजे अणुभट्टीचे दाबपात्र. मँगनीज, मॉलिब्डेनम आणि निकेल यांच्या संमिश्र पोलादाचे हे पात्र सुमारे २० सेंटिमीटर जाड असते. न्यूट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने हे पोलाद हळूहळू ठिसूळ होते. पोलादात तांब्याचा अंश राहून गेला असेल, तर ठिसूळपणा अधिक वेगाने वाढतो. याची अभियंत्यांना फार पूर्वीपासून धास्ती होती.

८/
म्हणून पात्र घडवतानाच त्याच पोलादाचे छोटे तुकडे कापून आत टांगून ठेवण्याची पद्धत पडली. ठरावीक वर्षांनी एकेक तुकडा बाहेर काढायचा, हातोड्याने तोडून पाहायचा आणि पात्राची प्रकृती ताडायची. आपल्या म्हातारपणाची साक्ष देणारे नमुने पोटात बाळगणारे यंत्र, असेच त्याचे वर्णन करता येईल.

९/
ही धास्ती किती परिणामकारक होती? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील यँकी रो हे अणुकेंद्र १९६० पासून वीज देत होते. त्याच्या दाबपात्राच्या ठिसूळपणाविषयी शंका निर्माण झाली. शंकेचे पूर्ण निरसन होईना, तेव्हा १९९१ मध्ये केंद्र बंद करण्यात आले आणि पुढच्या वर्षी ते कायमचे बंद ठेवण्याचा निर्णय झाला. पात्र फुटले नव्हते. फुटेल अशी शंका पुरेशी ठरली.

१०/
दुसऱ्या चक्राच्या नळांच्या वाट्याला अशी काळजी आली नाही. तेथे किरणोत्सर्ग नाही, मग भीती कसली? औष्णिक केंद्रात असतात तसेच हे नळ, तसेच पोलाद, तसेच पाणी. अणुकेंद्राच्या तपासणीचे कडक नियम टर्बाइनगृहाच्या दाराशीच थांबत. या समजुतीला पहिला मोठा तडा गेला तो मिहामाच्या १८ वर्षे आधी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

११/
९ डिसेंबर १९८६. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले सरी अणुकेंद्र, दुसरा संच. एक झडप बंद झाल्याने अणुभट्टी थांबली, दाबात चढउतार झाला आणि पाणी पंपाकडे नेणाऱ्या १८ इंची नळाचे वळण फुटले. आठ कामगार भाजले. त्यांपैकी चौघे दगावले. वाफ व पाणी सर्वत्र शिरल्याने दारांवरची ओळखपत्र वाचणारी यंत्रेही निकामी झाली.

१२/
तपासात आढळले की मूळची सुमारे १२.७ मिलिमीटर जाड भिंत काही ठिकाणी दीड मिलिमीटरपर्यंत झिजली होती. ओलसर वाफ वाहून नेणारे नळ झिजतात, हे ठाऊक होते; त्यांची तपासणीही होई. परंतु ज्यात केवळ पाणी आहे, वाफेचा थेंबही नाही, असा नळ इतका झिजेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. त्यामुळे तेथे कोणी मोजलेच नव्हते.

१३/
नळाच्या आत नेमके काय घडते? ऑक्सिजन नसलेल्या गरम पाण्यात लोखंडावर मॅग्नेटाइटचा काळा थर चढतो. हा गंजच, पण उपकारक गंज: तो खालच्या पोलादाला पाण्यापासून दूर ठेवतो. अडचण एवढीच की हा थर पाण्यात अगदी किंचित विरघळतो. पाणी संथ असेल तर ते लोहाने लवकर तृप्त होते आणि विरघळणे जवळजवळ थांबते.

१४/
पाणी वेगाने उसळत असेल, तर मात्र विरघळलेले लोह ताबडतोब वाहून जाते. थर पातळ होतो, खालचे पोलाद नवा थर तयार करते, तोही विरघळतो. नदीच्या वळणावर काठ खचावा तसे नळाच्या वळणावर, फाट्यावर आणि अडथळ्यापुढे पोलाद खचत जाते. फरक इतकाच की काठ पाण्याच्या धक्क्याने ढासळतो आणि पोलाद विरघळून जाते. आतल्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते.

१५/
मिहामाच्या नळात अडथळा होता तो प्रवाह मोजण्याच्या चकतीचा. मध्ये भोक असलेली ही चकती नळात आडवी बसवलेली असते. भोकातून वेगाने निसटलेले पाणी पुढे भोवरे घेत उसळते. नळ फाटला तो बरोबर या चकतीच्या पुढे. ही झीज सुमारे १३० ते १५० अंश तापमानाला सर्वाधिक होते. मिहामाचे पाणी १४० अंशांचे होते!

१६/
याहून विलक्षण बाब ऑक्सिजनची. गंज टाळण्यासाठी बाष्पकाच्या पाण्यातून ऑक्सिजन कसोशीने काढून टाकायचा, हा जुना दंडक होता. पण पाणी जितके ऑक्सिजनमुक्त, तितका मॅग्नेटाइटचा थर विरघळण्यास मोकळा. जर्मनीतील काही औष्णिक केंद्रांनी १९७० च्या दशकात अतिशुद्ध पाण्यात मुद्दाम थोडा ऑक्सिजन मिसळून अधिक टिकाऊ थर मिळवला. एका रोगावरचे औषध दुसऱ्या रोगाला खतपाणी घालते, ते असे.

१७/
आता पोलादाकडे वळू. दोन नळ दिसायला सारखे, दाब सोसायला सारखे. पण एकात क्रोमियम जवळजवळ नाही आणि दुसऱ्यात एक-दोन टक्के आहे. दुसरा नळ त्याच पाण्यात नगण्य झिजतो. क्रोमियममुळे वरचा थर विरघळेनासा होतो. शतांशात मोजावा इतका अल्प अंश असला तरी झीज लक्षणीय घटते.

१८/
मग सुरुवातीपासून क्रोमियमचेच पोलाद का वापरले नाही? कारण दाब व तापमान पाहता साधे कार्बन पोलाद पुरेसे बळकट होते आणि स्वस्तही. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद महाग. त्याचे जोडकाम करताना आधी तापवावे लागते, नंतर पुन्हा उष्णतेचे संस्कार करावे लागतात. आराखडा करणाऱ्यांनी बळ मोजले होते, झीज मोजली नव्हती.

१९/
सरीनंतर चित्र पालटले. झीज कोठे होईल याचे अनुमान करणाऱ्या संगणकप्रणाली अमेरिकेच्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने तयार केल्या. १९८९ मध्ये तेथील अणुनियामक आयोगाने सर्व केंद्रांकडून नळांच्या झिजेवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्याची हमी मागितली. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणे हा नित्यक्रम झाला आणि अनेक ठिकाणी क्रोमियमयुक्त नळ आले.

२०/
हा प्रश्न केवळ अणुकेंद्रांचा नव्हता. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील प्लेझंट प्रेअरी या कोळशावर चालणाऱ्या केंद्रात असाच पाण्याचा नळ फुटून दोन कामगार मृत्युमुखी पडले. पाणी तापवून वाफ करायची आणि वाफेने टर्बाइन फिरवायची, हे चक्र आपल्या कोराडीत आणि चंद्रपुरातही तेच आहे.

२१/
जपानने सरीचा धडा वाचला नव्हता काय? वाचला होता, आणि हीच या कहाणीतील सर्वांत बोचरी बाब आहे. १९९० मध्ये तेथील वीज कंपन्यांनी दुसऱ्या चक्राच्या नळांसाठी तपासणीची मार्गदर्शिका तयार केली. प्रवाहमापक चकतीपुढची जागा तपासलीच पाहिजे, असे त्या मार्गदर्शिकेत स्पष्ट होते. म्हणजे ज्ञान होते, नियम होता, उपकरणेही होती.

२२/
चुकली ती यादी. मिहामाच्या तिसऱ्या संचातील तपासणीच्या जागांची यादी करताना ही एक जागा नोंदवायची राहून गेली. पुढे तपासणीचे काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेले, तेव्हा यादी तशीच सोपवली गेली. दुसऱ्या काही केंद्रांत अशीच वगळलेली जागा लक्षात आली व तेथे दुरुस्ती झाली. पण ती बातमी मिहामापर्यंत पोहोचली नाही.

२३/
अखेर २००३ मध्ये तपासणी करणाऱ्या कंपनीच्या लक्षात आले की ही जागा यादीतच नाही. ती यादीत घालण्यात आली. मोजणी ठरली पुढच्या तपासणीत, १४ ऑगस्ट २००४ पासून सुरू होणाऱ्या. नळाने पाच दिवस आधीच हार मानली. नंतर शेजारच्या जोडनळाची तीच जागा मोजली, तर तीही १.८ मिलिमीटर इतकीच उरली होती.

२४/
अपघातानंतर वीज कंपनीच्या अध्यक्षांनी २००५ मध्ये पद सोडले. जपानमध्ये नळांच्या जाडीच्या व्यवस्थापनाला कंपन्यांच्या इच्छेपलीकडे जाऊन नियमांची चौकट मिळाली. २००७ मध्ये संच पुन्हा सुरू झाला, फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर वर्षानुवर्षे बंद राहिला आणि जून २०२१ मध्ये परत चालू झाला. चाळिशी ओलांडून पुन्हा सुरू झालेली ती जपानमधील पहिली अणुभट्टी ठरली.

२५/
आता यँकी रो आणि मिहामा शेजारी ठेवून पाहा. जेथे भय होते, तेथे पोलादाचे तुकडे पोटात टांगून त्याचे वय मोजले गेले. नुसत्या शंकेवर केंद्र बंद झाले. जेथे भय नव्हते, तेथे १० मिलिमीटरचे ०.४ होईपर्यंत कोणी पट्टी लावली नाही. दोन्हीकडे धातुशास्त्र उपलब्ध होते. माणसाची नजर मात्र भीतीच्याच मागे गेली.

२६/
आपण इतिहासात मोठ्या स्फोटांच्या, युद्धांच्या, राजांच्या तारखा पाठ करतो. पण यंत्रयुगातील कित्येक मृत्यूंचे कारण एखाद्या यादीतील न लिहिलेल्या ओळीत दडलेले असते. मिहामातील ते पाच जण तपासणीची तयारी करायला आले होते. ज्या जागेने त्यांचा घात केला, ती जागा त्या तपासणीच्या यादीत प्रथमच आली होती.

२७/
म्हणून यापुढे एखाद्या अपघाताची बातमी वाचाल, तेव्हा 'काय फुटले' याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: ते शेवटचे कधी मोजले होते? बहुतेक वेळा इतिहास तेथूनच सुरू होतो.

थ्रेड समाप्त.