घरी बसवलेल्या माणसाच्या विटा

मराठीत ‘घरी बसणं’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. एक आपला साधा आणि दुसरा निवडणुकीनंतरचा. मतदारांनी अमक्याला घरी बसवलं, पक्षाने तमक्याला घरी बसवलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण घरी बसलेला पुढारी दिवसभर करतो तरी काय, याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

२०२० च्या वसंतात आपण सगळेच सक्तीने घरी बसलो, तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी ठाकठोक सुरू झाली. कुणी कुंपण रंगवलं, कुणी मागच्या अंगणात फरशी घातली. मी बागेच्या कडेला गुडघाभर उंचीची विटांची भिंत घालायला घेतली. आमच्या सात पिढ्यांत कुणी हातात थापी धरलेली नाही. घराचं काम निघालं की गवंड्याला बोलवायचं आणि त्याला चहा नेऊन द्यायचा, एवढाच आमचा बांधकामाशी संबंध. पाचव्या थराला माझ्या भिंतीने पोट काढलं. कुंपणापलीकडून शेजारचे इंग्रज आजोबा हसून म्हणाले, “काळजी करू नका, विन्स्टनच्या भिंतीही काही फार सरळ नव्हत्या.”

हा विन्स्टन म्हणजे अर्थात चर्चिल. तो विटा रचायचा हे कुठेतरी वाचलं होतं. थोरामोठ्यांचे चोचले म्हणून सोडून दिलं होतं. पुढल्या उन्हाळ्यात प्रवासावरचे निर्बंध उठल्यावर केंटमधल्या चार्टवेलला जाऊन ती भिंत बघून आलो आणि मग त्या विटांचा पिच्छाच पुरवला.

चार्टवेल वेस्टरहॅम गावाजवळ आहे. चर्चिलने ते १९२२ च्या सप्टेंबरात ५,००० पौंडांना घेतलं. घर जुनाट होतं, दमट होतं, पण समोर केंटचा हिरवागार खोलगट मुलूख थेट क्षितिजापर्यंत पसरलेला. त्या देखाव्यावर तो भाळला. क्लेमेंटाइनबाईंना मात्र खर्चाची धास्ती होती आणि ती खरी ठरली. फिलिप टिल्डन या वास्तुविशारदाने घर जवळजवळ नव्याने बांधलं, त्यात खर्च मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला. घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकार पडलं, नोव्हेंबरात डंडीच्या मतदारांनी चर्चिलला पाडलं आणि त्याच सुमारास अपेंडिक्सचं ऑपरेशनही झालं. मंत्रिपद, खासदारकी आणि आतड्याचा तुकडा, तिन्ही एकदम गेलं. असे विनोद तो स्वतःवर करायचा, हे कबूल केलं पाहिजे.

कुटुंब १९२४ मध्ये राहायला आलं. त्याच वर्षाअखेरीस तो अर्थमंत्री झाला, पण हाताला थापीची चटक लागली ती लागलीच. धाकट्या मेरीसाठी विटांचं छोटंसं खेळघर उभं राहिलं. बागेत तळी खोदली, बांध घातले. आणि भाजीच्या बागेभोवतीची ती मोठी भिंत! तिच्यावर दगडी पाटी आहे: १९२५ ते १९३२ या काळात भिंतीचा बराच भाग विन्स्टनने स्वतःच्या हातांनी बांधला, अशा अर्थाची. ‘बराच भाग’ हे शब्द प्रामाणिक आहेत. सोबतीला धंदेवाईक गवंडी असायचे. ओळंबा लावणं, दोरी ताणणं, कोपरे उचलणं ही नाजूक कामं तेच जाणत. त्यांच्या नावाची पाटी मला कुठे दिसली नाही.

१९२८ च्या सप्टेंबरात त्याने पंतप्रधान बाल्डविनना पत्रात आपला हिशेब कळवला: दिवसाला दोनशे विटा आणि दोन हजार शब्द. म्हणजे एकीकडे झोपडीवजा घर बांधत होता आणि दुसरीकडे पुस्तक सांगून लिहून घेत होता. सराईत गवंडी दिवसाला याच्या दुपटीहून जास्त विटा सहज रचतो. पण गवंड्याला दोन हजार शब्द लिहायचे नसतात, हेही खरं.

मग झाली गंमत. बांधकाम कामगारांच्या संघटनेतल्या एका पदाधिकाऱ्याने त्याला सभासद व्हायचं निमंत्रण दिलं. पठ्ठ्याने पाच शिलिंग भरून ऑक्टोबर १९२८ मध्ये नाव घातलंही. वर्तमानपत्रांना चेव चढला, पण संघटनेतले साधे सभासद खवळले. कारण १९२६ च्या सार्वत्रिक संपात हाच माणूस सरकारचं वृत्तपत्र काढून कामगारांवर तुटून पडला होता. निषेधाची पत्रं आली आणि कार्यकारिणीने त्याला अपात्र ठरवून टाकलं. मला तरी ते गवंडी बरोबर वाटतात. ज्याला हवं तेव्हा थापी खाली ठेवून जेवायला जाता येतं, त्याचं काम आणि पोटासाठी पावसात उभं राहणाऱ्याचं काम, दोन्हींत वीट तीच असली तरी फरक पडतो.

आता आपल्याकडे येतो, कारण चर्चिलला खऱ्या अर्थाने घरी बसवलं ते हिंदुस्थानच्या प्रश्नाने.

त्याचा हिंदुस्थानशी पहिला संबंध मुंबईत आला आणि तोही हाताच्याच निमित्ताने. १८९६ च्या ऑक्टोबरात बावीस-एकवीस वर्षांचा हा घोडदळाचा अधिकारी ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना भिंतीतली लोखंडी कडी पकडायला गेला, लाटेने होडी खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर त्याला त्रास देत राहिला. पुढे पोलो खेळताना दंड बांधून घ्यावा लागे. मुंबईहून तो पुण्याला गेला. तिथे गणेशखिंडीला गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडे मेजवानी झाली आणि देशात येऊन चार दिवस न झालेल्या या पोराने गव्हर्नरसाहेबांना राज्यकारभारावर भरपूर मतं ऐकवली. आठच महिन्यांनी, २२ जून १८९७ ला, त्याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुण्याच्या मनात काय शिजतंय याचा मेजवानीच्या टेबलावर कुणाला पत्ता असण्याची शक्यता नव्हतीच.

१९२९ मध्ये त्याच्या पक्षाचं सरकार गेलं. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी व्हाइसरॉय आयर्विनने हिंदुस्थानला पुढेमागे वसाहतीचं स्वराज्य मिळेल असं जाहीर केलं, आणि बाल्डविनने त्याला पाठिंबा दिला. चर्चिल बिथरला. २६ जानेवारी १९३१ ला गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी चर्चिल पक्षाच्या वरिष्ठ मंडळातून बाहेर पडला. फेब्रुवारीत गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणणारं ते कुप्रसिद्ध भाषण झालं. त्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सरकार आलं, त्यात त्याला जागा नव्हती. सप्टेंबर १९३९ पर्यंत त्याला मंत्रिपद मिळालं नाही. म्हणजे एकूण दहा वर्षं.

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की गंमत वाटते. भिंतीचं काम चालू असतानाच लंडनमध्ये तिन्ही गोलमेज परिषदा झाल्या, १९३० ते १९३२. तिन्हींना डॉ. आंबेडकर हजर होते, मुंबईचे बॅरिस्टर जयकरही आले होते. दुसऱ्या परिषदेला गांधीजी आले. त्यांना भेटायला चर्चिलने नकार दिला. येरवड्यात एकाची टकळी फिरत होती आणि केंटमध्ये दुसऱ्याची थापी. हाताला काम हवं यावर मात्र दोघांचं एकमत असावं! लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३२ चीच. भिंत आणि मंडळ एका वयाचे म्हणायला हरकत नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते १९३५ च्या ऑगस्टमधल्या एका दुपारने. हिंदुस्थान सरकारचा नवा कायदा चर्चिलचा सारा विरोध मोडून नुकताच मंजूर झाला होता. गांधीजींचे निकटवर्ती उद्योगपती घनश्यामदास बिर्ला लंडनमध्ये होते. चर्चिलने त्यांना चार्टवेलला जेवायला बोलावलं. बिर्ला पोचले तेव्हा यजमान बागेत, अंगावर कामगाराचा एप्रन. जेवताना गप्पा रंगल्या. अस्पृश्यांसाठी उभे राहिल्यापासून गांधी आपल्या मनात फार वर गेले आहेत, असं चर्चिल म्हणाला; आता कायदा झालाच आहे तर तो यशस्वी करून दाखवा, सामान्य माणसाला चार घास जास्त मिळू देत, असंही म्हणाला. आणि मग पाहुण्यांना बाग फिरवून आपण स्वतः रचलेल्या विटा दाखवल्या. बिर्लांनी हे सगळं गांधीजींना पत्राने कळवलं. माणूस त्यांना आवडला होता.

त्या भिंतीपाशी उभं राहून मला हेच कळेना, की हाच माणूस आठ वर्षांनी, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, इतका कठोर कसा झाला. अंदाजे तीस लाख माणसं मेली. धान्याची जहाजं वळवायला त्याचं मंत्रिमंडळ का-कू करत राहिलं आणि त्याच्याच भारतमंत्र्याने, अ‍ॅमरीने, त्याच्या तोंडचे उद्गार रोजनिशीत नोंदवून ठेवले. युद्धकाळातल्या जहाजांच्या टंचाईचं कारण त्याचे पाठीराखे देतात. ते अगदीच खोटं नाही, पण पुरतं समाधान करत नाही. पाहुण्याला प्रेमाने भिंत दाखवणारा आणि हा, दोघं वेगळे नव्हते. मला ते एकत्र बसवता आलेलं नाही.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस कर्जापायी चार्टवेल विकायची पाळी आली होती. श्रीमंत मित्रांनी निभावून नेलं. १९४६ मध्ये लॉर्ड कॅमरोज आणि इतरांनी पैसे काढून ते नॅशनल ट्रस्टसाठी विकत घेतलं, पतिपत्नींनी हयातभर तिथे राहावं या अटीवर. १९६६ पासून ते लोकांना खुलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रस्टने साम्राज्य आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या ९३ वास्तूंचा अहवाल काढला. त्यात चार्टवेलचं नाव आलं आणि इथल्या वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ उठला! हिंदुस्थानवरून जो माणूस दहा वर्षं घरी बसला, त्याच्या घराचा हिंदुस्थानशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांचं मला नवल वाटलं.

भिंत लाल विटांची आहे, जवळून पाहिलं तर काही ठिकाणी सांधे जाड-बारीक दिसतात. सौ. म्हणाली, “तुमच्यापेक्षा बरी आहे हं.” मी विटांवरून हात फिरवत यातल्या गवंड्याच्या कोणत्या आणि याच्या कोणत्या ते ओळखायचा प्रयत्न केला. घरी आल्यावर माझी भिंत तिसऱ्या थरापर्यंत उतरवली आणि एका पोलिश गवंड्याला बोलावलं. त्याने आधी ओळंबा लावला, मग मला दोरी धरायला दिली.