कळांचा इतिहास

आपल्या शिबिरात इतिहासाचा तास असतो. महाड येतं, काळाराम मंदिर येतं, पुणे करार येतो, नामांतर येतं. तारखा पोरांना तोंडपाठ असतात. पण आपल्या आज्या-पणज्या बाळंत कुठं झाल्या, कुणाच्या हातानं झाल्या, त्यांतल्या कितीजणी बाजेवरून उठल्याच नाहीत, हे त्या तासाला कधी येत नाही. तो म्हणे बायकांचा विषय. जणू चवदार तळ्यावर चालून गेलेली माणसं कुणाच्या पोटातून आलीच नव्हती!

मी वरवट बकालची. उत्तरेला सातपुडा, खाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, मधे कपाशी. आमच्या वाड्यातल्या बाया पोट घेऊन वेचणीला जातात आणि पोर झालं की ते झोळीत टाकून पुन्हा वेचणीलाच जातात. मला कळांचा इतिहास लिहायचा आहे तो ह्या बायांच्या बाजूनं. कळ सगळ्यांना सारखीच येते. ती ऐकायची कुणी, तिच्यावर औषध द्यायचं कुणाला आणि ती कधी यावी हे ठरवायचं कुणी, इथं मात्र जात आडवी येते आणि पैसा आडवा येतो.

सुरुवात १८५५ पासून करू. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली मुक्ता साळवे, मांगाची पोर. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध त्या साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांना इमारतीच्या पायात गाडायचे, हे त्यातलं आपण भाषणात हटकून सांगतो. त्याच निबंधात बाळंतपणावर आहे ते मात्र वगळतो. मुक्ता विचारते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हिवा-पावसानं त्यांचे काय हाल होत असतील ते स्वतःवरून ओळखा. बाळंतरोग झाला तर औषधाला पैसा कुठला? आणि अशांना फुकट औषध देणारा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कोण होऊन गेला? आजवर ह्या प्रश्नाला सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही.

आता हेच दशक जगात काय चाललं होतं ते पाहा. १८४७ साली स्कॉटलंडच्या सिम्प्सन नावाच्या डॉक्टरनं बाळंतिणीला क्लोरोफॉर्म देऊन कळा सुसह्य करायची वाट काढली. धर्ममार्तंड भडकले; कळा सोसणं हा बाईला देवानं दिलेला शाप, तो माणसानं कसा काढायचा? १८५३ साली व्हिक्टोरिया राणीनं बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि आरडाओरडा करणाऱ्यांची तोंडं बरीचशी बंद झाली. राणीची कळ ती कळ.

त्याच्या आगेमागेच अमेरिकेत, अलाबामातल्या मॉन्टगोमेरी गावात, मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर गुलाम बायांवर शस्त्रक्रिया करून हात बसवत होता. अनार्का, बेट्सी, लुसी अशी त्यांतल्या तिघींची नावं राहिली आहेत. अडलेल्या बाळंतपणानं त्यांच्या लघवीच्या पिशवीला भोक पडलं होतं. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. काळ्या बायांना दुखणं कमी कळतं, असा गोऱ्या डॉक्टरांत समज होता. ह्या सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा बाप म्हणत आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडावं लागलं. ब्लॅक पँथरचं नाव घेऊन १९७२ साली आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली. मग अनार्काचं नावही आपल्याला माहीत पाहिजे.

आपल्याकडं काय होतं? सुईण होती. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ निघाला. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांतालाच जोडलेला होता. मराठी मुलखातल्या मांगांबद्दल त्यात नोंद आहे: पुरुष गावाचे वाजंत्री, बैल खच्ची करणारे, बाया सुईणी. आमच्याकडं कुठं मांगवाड्यातली, कुठं महारवाड्यातली बाई हे काम करायची. म्हणजे बघा, पाटलाच्या, देशमुखाच्या घरात जन्मणाऱ्या पोराला जगातला पहिला हात लागायचा तो अस्पृश्याचा. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, रक्ताचे कपडे तिनं धुवायचे. बाराव्या दिवशी घर शुद्ध झालं की तीच बाई पुन्हा अंगणाबाहेर. मजुरी म्हणजे जुनं लुगडं, पायली-अर्धी पायली दाणे. एवढं ज्ञान, पण त्याला विद्या म्हटलं नाही. विटाळाचं काम म्हटलं आणि विटाळ ज्यांच्यावर ढकलायचा त्यांच्यावर ढकलला.

पण इथं एक सांगते. सुईणीचे नुसते गोडवे गाऊ नका. पोट बाहेरून चाचपून मूल आडवं आहे की सरळ हे सांगणारे हात आमच्या आजीचे होते. मी पाहिले आहेत. पण मूल अडलं की तिच्याजवळ गरम पाणी, तेल आणि सटवाईचा धावा, याच्यापलीकडं काही नव्हतं. माझी मावशी तीन दिवस अडली आणि चौथ्या दिवशी बैलगाडीत, दवाखान्याच्या वाटेवर गेली. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमचं' वाचा. महारवाड्यातलं बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ कशी होती, बाळंतिणीच्या पोटाला घासही कसा मिळत नव्हता, ते त्यांनी काही न लपवता लिहिलं आहे.

अडलेल्या बाईला कळा आणता आल्या तर? हा विचार जुना आहे. युरोपात राय नावाच्या धान्यावर एक काळी बुरशी पडते. तिनं कळा येतात हे तिकडच्या सुईणींना माहीत होतं. एका सुईणीकडून शिकून अमेरिकन डॉक्टर स्टर्न्सनं १८०८ साली ते पत्र लिहून छापून आणलं. मग डॉक्टरांनी ती पूड अशी वापरली की मेलेली मुलं जन्मू लागली, आणि दुसऱ्या एका डॉक्टरला तिला मरणाची पूड म्हणावं लागलं. पुढं १९०६ साली हेन्री डेलला दिसलं की मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीच्या अर्कानं गर्भाशय आवळतं. १९०९ साली ब्लेअर-बेलनं तो अर्क बाळंतिणींना दिल्याचं छापलं. १९५३ साली द्यु व्हिन्यो ह्या रसायनशास्त्रज्ञानं ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. १९५५ चं नोबेल त्याला मिळालं. हेच ऑक्सिटोसिन.

खेड्यात ह्याला कुणी ऑक्सिटोसिन म्हणत नाही. कळांची सुई म्हणतात, कळांचं सलाईन म्हणतात. म्हशीला पान्हा सोडवायची सुई म्हणूनही ते सगळ्यांना ठाऊक आहे. औषध एकच, कारण आईच्या अंगात पिशवी आवळणारं आणि पान्हा सोडणारं द्रव्य एकच आहे. गोठ्यातला हा गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारनं २०१८ च्या एप्रिलमध्ये खाजगी कंपन्यांना ते बनवायला बंदी केली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. ते मिळालं नाही तर बाया मरतील. म्हणजे जीव वाचवणारं औषध आहे. पण त्याला हिशेब आहे. ते थेंबाथेंबानं चढवायचं असतं. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या तर ते फार झालं. दोन कळांमधे पिशवी सैल पडते तेव्हा बाळाला रक्त पोचतं. सैल पडायला वेळच दिला नाही तर बाळ गुदमरतं, क्वचित पिशवी फाटते. म्हणून कळांचं औषध चालू असलेल्या बाईला एकटं सोडायचं नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली स्पष्ट लिहिलं. आणि कुणी गावठी डॉक्टर घरी येऊन ही सुई दंडात टोचत असेल, तर तो थेंब कसे मोजणार?

मी स्वतः कळांच्या सलाईनवर बाळंत झाले आहे. दिवस भरून वर आठवडा गेला, कळा येईनात. एका शहरगावच्या दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही, कारण दुखणं त्या एकाच दवाखान्याचं नाही. आधी पिशवीचं तोंड मऊ करायला आत जेल लावली. रात्री सलाईन. हे काय, कशाला, किती वेळ चालणार, हे मला कुणी सांगितलं नाही. सहीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा चालला असता, माझा सवालसुद्धा चालला नाही. माय दाराबाहेर. ह्या कळा मायनं सांगितलेल्या कळांसारख्या नव्हत्या. ती म्हणायची, कळ येते, दम खाऊ देते, पुन्हा येते. इथं दमच नव्हता. एकीवर एक. मी ओरडले तर एक बाई आडनाव विचारून म्हणाली, "तुमच्यातल्या तर वावरातही बाळंत होतात, तुम्हाला एवढं काय झालं?"

हा सिम्सचाच सवाल होता. शे-दीडशे वर्षं ओलांडून आणि सात समुद्र ओलांडून तो माझ्या खाटेपाशी आला होता. वावरात बाळंत होतात त्या हौसेनं होतात काय? पोटात कळ असताना वेचणी सोडली तर त्या दिवसाची मजुरी जाते, म्हणून होतात. तुम्ही सोसायला लावलं, आणि आता सोसलं म्हणून तुम्हाला दुखत नाही म्हणता!

पहाटे पाळी बदलली. नवी नर्स आली, वयानं माझ्याहून लहान. तिनं पोटावर हात ठेवला, घड्याळात बघत कळा मोजल्या, बाळाचे ठोके ऐकले आणि सलाईनचे थेंब कमी केले. "ताई, दोन कळांमधे श्वास घ्या, बाळ ठीक आहे," म्हणाली. मायला आत घेतलं. उजाडल्यावर मुलगी झाली, रडली. माय म्हणाली, "कळा याव लागतात व, आनाव्या लागत नाहीत." मी म्हटलं, "माय, मावशीले आनता आल्या असत्या तं ते जगली असती." माय काही बोलली नाही, पोरीला पुसत राहिली.

सलाईन तेच, बाटली तीच, खाट तीच. फरक पडला तो हात ठेवणाऱ्या माणसानं. आमच्या आजीचे हात आणि त्या नर्सचं घड्याळ, दोन्ही एकत्र पाहिजेत. आपली मागणी एवढी साधी आहे.

आता बाबासाहेबांकडं या. १९२६ साली त्यांचा राजरत्न गेला. रमाईनं पाच लेकरांना जन्म दिला, त्यांतला यशवंत तेवढा जगला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं, त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा आणि बायकांच्या श्रमावर नफा करणाऱ्या मालकानंही हात वर करू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे रोहमांनी विधानसभेत मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर एकावर दुसरं मूल त्यानं कबूल केलं नसतं, असा मुद्दा त्यात आहे. ठराव पडला. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. संततिनियमनावर त्याही बोलल्या. १९४३ साली मजूरमंत्री बाबासाहेबांनी खाणीतल्या बाळंतिणींच्या कायद्यात दुरुस्ती आणली. म्हणजे बाळंतपण हा त्यांच्या लेखी राजकारणाचा विषय होता. कोपऱ्यात तो आपण ढकलला.

१९६१ साली देशाचा कायदा झाला. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली. चांगलं झालं. पण ही पगारी रजा नोकरदार बाईची. किलोवर कापूस वेचणाऱ्या बाईचा मालक रोज बदलतो. तिला रजा कोण देणार? तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६००० रुपये लिहिले आणि मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० ठरले, तेही हप्त्यानं. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. भागाकार करा. दिवसाला २७ रुपये पडतात. १९२८ साली बाबासाहेबांनी मागितलेला विसावा आमच्या वावरात अजून पोचलेला नाही.

म्हणून शिबिरातल्या पोरापोरींना माझं सांगणं आहे. वस्तीत कोण बाई कितव्या महिन्यात आहे हे आशाताईबरोबर बसून लिहून काढा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी हे सगळं फुकट आहे, हे घरोघर सांगा. कळांच्या वेळी घरची एक बाई जवळ राहू शकते, हे केंद्र सरकारनं २०१६ सालीच मान्य केलं आहे. दारावर अडवलं तर तिथंच बोला. घरी येऊन कळांची सुई टोचणाऱ्याला वस्तीत शिरू देऊ नका. आणि सलाईन लागलं तर बाईनं तीन गोष्टी विचारायच्या: हे कशाला, बाळाचे ठोके कोण ऐकणार, आणि फार झालं तर बंद कोण करणार. डॉक्टरशी भांडायला नको, पण विचारायलाच हवं. मुक्तानं अख्ख्या पुण्याला विचारलं होतं.